संकटात धावलेले ब्लॉग

११ जुलै २००६. मुंबईत संध्याकाळी घरी निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेल्या पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत ११ मिनिटांत सात स्फोट झाले. १८०हून अधिक माणसे गेली. फोन कोणाचाच लागेना. परगावी, परदेशी असलेले नातेवाईक मग ‘मुंबई हेल्प’ नावाच्या एका साध्या ब्लॉगवर आपल्या माणसांची नावे आणि फोन नंबर लिहू लागले. त्या कुटुंबांना कधीही न पाहिलेले मुंबईकर ते नंबर पुन्हा पुन्हा फिरवत आणि माणूस सुखरूप असल्याचे तिथेच कळवत.

या कामाचा सराव आधीच झाला होता. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर पीटर ग्रिफिन, दीना मेहता आणि रोहित गुप्ता या मुंबईतल्या मंडळींनी मदतीच्या माहितीसाठी ब्लॉग उघडला आणि बघता बघता जगभरचे स्वयंसेवक त्याला येऊन मिळाले. कोणी बेपत्ता माणसांची चौकशी घेतली, कोणी मदतसंस्थांचे पत्ते गोळा केले. श्रीलंकेच्या किनाऱ्यावरून मोबाइलवर आलेले एसएमएससुद्धा ब्लॉगवर चढवले गेले. मुंबईत मध्यरात्र झाली, तरी दुसऱ्या देशात कोणीतरी जागे असेच. पुढे २००५मध्ये अमेरिकेतले कतरिना वादळ आणि काश्मीरचा भूकंप, दोन्ही वेळी याच गटाने कंबर कसली.

ब्लॉगच का? १९९९मध्ये ‘ब्लॉगर’सारखी सेवा आल्यावर संगणकाची भाषा न येणाऱ्यालाही फुकटात लिहिता येऊ लागले. एकाच पानावर अनेकांना लिहिण्याची मुभा होती. शिवाय ताजी नोंद तारीख-वेळेसह सगळ्यात वर दिसे. संकटात ही गोष्ट फार मोलाची, कारण सकाळचा रक्तपेढीचा निरोप दुपारी निरुपयोगी झालेला असू शकतो.

स्फोटांच्या त्याच आठवड्यात मात्र केंद्र सरकारने मोजकी संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला, आणि इंटरनेट कंपन्यांनी ती तेवढी न रोखता ‘ब्लॉगर’चे ब्लॉग जिथे असत त्या ‘ब्लॉगस्पॉट’वरचे सगळेच ब्लॉग रोखून धरले. मदतीचे पानही त्यात अडकले. ब्लॉग लिहिणाऱ्यांनी एकजुटीने आवाज उठवला, आणि काही दिवसांत ती सरसकट बंदी उठली. हा विजय छोटा नव्हता. एरवी एकमेकांना नावानेही न ओळखणारी माणसे सामाईक जागेसाठी उभी राहिली होती.

पुढच्या दीड वर्षात केनियात याच वाटेने आणखी एक पाऊल पडले. २००७च्या अखेरीस निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला आणि सरकारने थेट वार्तांकनावर बंदी घातली. ओरी ओकोलो ही वकील आपल्या ब्लॉगवर लोकांकडून आलेल्या बातम्या देत राहिली. कुठे काय घडते आहे ते नकाशावर दाखवता येईल का, असे तिने जानेवारी २००८मध्ये तिथेच विचारले. काही दिवसांतच मित्रांनी ‘उशाहिदी’ हे तसे नकाशाचे संकेतस्थळ उभे केले. २०१०च्या भूकंपात हैतीतले लोक मदतीसाठी मोबाइलवरून आपल्या क्रेओल भाषेत संदेश पाठवत होते. परदेशस्थ हैतीवासी त्यांचे भाषांतर करत, आणि ते संदेश याच नकाशावर चढत.