अन्ननलिकेची उघाडी

नवी मुंबईतल्या उलव्यात टॉवर उठले, शेजारी विमानतळ आला. त्याआधी इथे खाडीकाठी बांध घालून भात पिकवत. बांधातल्या दाराला इथला आगरी माणूस उघाडी म्हणतो. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. अन्ननलिका जठराला मिळते तिथे आपल्या प्रत्येकाच्या पोटात अशीच एक उघाडी आहे.

अन्ननलिका ही सुमारे 25 सेंटीमीटरची नळी; पण नुसता पाइप नव्हे. स्नायू घासाच्या मागून आवळतात, पुढे सैल पडतात आणि त्याला खाली लोटतात. त्यामुळे उलटं टांगलं तरी माणूस गिळू शकतो (करून पाहू नये). घास पोचायच्या आत खालचं दार सैल होतं. तो निरोप नळीच्या भिंतीतल्या चेतापेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून देतात. अ‍ॅकॅलेशिया या आजारात नेमक्या याच पेशी मरतात. बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटते. वर्षाला लाखात एखाद्याला होणारा हा आजार.

तो दिसतो पानावर. भाकरीचा तुकडा छातीत अडतो. माणूस उठतो, पाठ ताणतो, वरून तांब्याभर पाणी पितो. पाण्याचा भार पडला की दार जरा किलकिलं होतं. कधी पाणीही अडतं, आणि खरी खूण तीच. अन्ननलिकेच्या कर्करोगात बहुधा आधी घट्ट घास अडतो, पातळ नंतर. इथे दोन्ही पहिल्यापासून. रात्री आडवं झालं की जेवलेला भात जसाच्या तसा तोंडात येतो, ठसका लागतो. घरचे म्हणतात, पित्त झालंय. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांत वर्षं जातात. सुरुवातीला एंडोस्कोपीतही काही सापडेलच असं नाही. बेरियम पाजून एक्स-रे काढला, की फुगलेली नळी खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते. पक्कं निदान मॅनोमेट्रीचं, म्हणजे नळीतला दाब मोजण्याचं.

1674 मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिसने अशा एका रुग्णाची हकीकत लिहिली; त्याला त्याने देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्टीला स्पंज बांधून दिला होता. जेवताना तो घशातून सारायचा आणि घास खाली ढकलायचा. पंधराएक वर्षं तो गृहस्थ असा जेवला! 1913 मध्ये जर्मनीत हेलरने दाराचा स्नायूच कापला. 2008 मध्ये जपानच्या इनोऊंनी तोच स्नायू तोंडावाटे, नळीच्या भिंतीत बोगदा काढून कापला; त्याला ‘पोएम’ म्हणतात. मेलेल्या पेशी मात्र कशानेच परतत नाहीत.

शिवाय कापलेलं दार धड मिटत नाही, भरतीचं पाणी आत शिरतं. म्हणून हेलरच्या शस्त्रक्रियेत आता जठराचाच पदर दुमडून आडोसा शिवतात. पोएमनंतर अनेकांना अ‍ॅसिडिटीची तीच जुनी गोळी पुन्हा सुरू होते, या खेपेला योग्य कारणासाठी.