विश्लेषण : फेलूदा वेरूळला का आला होता? मूर्तिचोरीचा मार्ग आणि कायदा काय सांगतो?

सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा एका चोरीचा माग काढत थेट वेरूळच्या कैलास लेण्यात पोहोचतो. ‘कैलाशे केलेंकारी’ ही बंगाली कादंबरिका १९७३ मधली. तिच्यातला प्रश्न मात्र आजही सुटलेला नाही.

कथा नेमकी काय?

भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातील यक्षीचे शिर चोरीला जाते आणि परदेशी ग्राहकाला विकले जाते. पुढचा घाला वेरूळवर पडणार, असा सुगावा लागताच फेलूदा, तोपशे आणि लालमोहनबाबू महाराष्ट्रात येतात. संदीप राय यांनी २००७ मध्ये यावर चित्रपट केला. फेलूदाच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांच्याही ओळखीच्या आहेत.

चोर शिरच का तोडतात?

अख्खे शिल्प जड असते, भिंतीतून निघत नाही. शिर मात्र पिशवीत मावते, शिवाय दिवाणखान्यात मांडता येते. म्हणून अनेक जुन्या मंदिरांत बिनशिराच्या मूर्ती दिसतात. अर्थात, सगळ्याच चोरांनी तोडलेल्या नसतात.

कायदा काय सांगतो?

पुरावस्तूंच्या निर्यातीवर १९४७ पासून निर्बंध होते. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा प्रत्यक्ष लागू झाला एप्रिल १९७६ मध्ये, म्हणजे कादंबरिकेनंतर. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. बेकायदा निर्यातीला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड आहे. कोट्यवधींच्या व्यवहारापुढे ही शिक्षा किरकोळ वाटते.

मूर्ती परत कशी येते?

तमिळनाडूतील श्रीपुरंतन गावच्या मंदिरातला चोलकालीन नटराज चोरीला गेला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो २००८ मध्ये ५६ लाख डॉलरना विकत घेतला. विक्रेता होता न्यू यॉर्कचा कलाव्यापारी सुभाष कपूर. त्याने मालकीची कागदपत्रे दाखवली होती, ती बनावट निघाली. पुदुच्चेरीतील फ्रेंच संस्थेकडे या मूर्तीचे मंदिरात काढलेले जुने छायाचित्र होते. तेच पुराव्यासाठी कामी आले. २०१४ मध्ये नटराज भारतात परतला. कपूरला २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

खरी अडचण कुठे?

वेरूळ हे संरक्षित जागतिक वारसास्थळ आहे. तिथे पहारा आहे, नोंदी आहेत. गावाबाहेरच्या पडक्या देवळातल्या वीरगळाला किंवा विष्णुमूर्तीला कोण राखणार? ती गेली, तर ती आपलीच होती हे सिद्ध कसे करणार?

आपण काय करू शकतो?

गावातल्या जुन्या मूर्तींचे समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. तडे, झीज, तुटलेले बोट स्पष्ट दिसू द्या; ओळख त्यावरूनच पटते. तारीख आणि ठिकाण लिहून प्रती देवस्थान व ग्रामपंचायतीकडे ठेवा. मूर्ती गायब झाल्यास तातडीने पोलिसांत तक्रार द्या, सोबत हे फोटो जोडा. फेलूदा प्रत्येक गावात येणार नाही. फोटो मात्र प्रत्येक गावाला काढता येतो.