ताज बांधायला घेतलेले रावसाहेब
लेखमाला : नकाशामागची माणसं – भाग ४

डहाणू रोडहून चर्चगेट लोकलनं मुंबईत उतरणाऱ्याला स्टेशनाबाहेर पडताच रस्त्यापलीकडे काळसर बसाल्ट आणि पांढुरक्या पोरबंदरी दगडाची इमारत दिसते. पश्चिम रेल्वेचं हे मुख्यालय १८९९ साली पुरं झालं. तेव्हा ही रेल्वे ‘बी.बी. अँड सी.आय.’ म्हणून ओळखली जाई. दर्शनी भागाच्या माथ्यावर अभियांत्रिकीची प्रतिमा आहे, हातात रेल्वेचं इंजिन घेतलेली. लोकल डहाणूपर्यंत २०१३ साली आली आणि आता तलासरीकडचे लोकही डहाणू गाठून तिनंच मुंबईला जातात. रोज इतक्या माणसांच्या नजरेखालून जाणाऱ्या या इमारतीचे वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. बोरीबंदर त्यांचंच आणि त्याच्यासमोरची महापालिकाही त्यांचीच.

स्टीव्हन्स यांच्यावर भरपूर लिहून झालंय. या भागाचा विषय आहेत त्यांचे सहायक, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य.

मागच्या भागातला डब्लिनचा रॉबर्ट मॅक वाचकांना आठवत असेल. मूळचा पाथरवट. पॉवर्सकोर्ट घराण्याचा शहरातला वाडा त्यानं १७७१ ते १७७४ या काळात उभा केला. आज त्या वाड्यात दुकानं आहेत आणि तिथल्या गिऱ्हाइकाला मॅकचं नाव विचारलं तर बहुधा सांगता यायचं नाही. वैद्यांची गोष्ट शंभर वर्षांनंतरची, पण जात तीच.

वैद्यांचं नाव पहिल्यांदा ठळकपणे भेटतं ते बोरीबंदरच्या कामावर. जी.आय.पी. रेल्वेच्या या टर्मिनसचं बांधकाम १८७८ साली सुरू झालं आणि १८८८ मध्ये संपलं. खर्च सोळा लाखांच्या वर गेला. स्टीव्हन्स मुख्य वास्तुकार, वैद्य सहायक अभियंता. या कामाची खरी कसोटी होती मधला घुमट. एरवी घुमट किंवा कमान बांधायची तर खाली लाकडी सेंटरिंग उभं करतात, दगड त्यावर रचतात आणि चुना धरला की लाकूड काढून घेतात. इथे ते केलंच नाही. घुमटाच्या फासळ्या खाचांमध्ये एकमेकींत अडकवत वर चढवल्या. प्रत्येक थर स्वतःच्या बळावर उभा राहिला पाहिजे. एखादा दगड सुताच्या फरकानं चुकला तर वरचं सगळंच तिरपं. असल्या कामात कागदावरची रेघ कितीही सुबक असो, रोज परांचीवर चढून ओळंबा लावून पाहणारा माणूस लागतो. हा घुमट त्या काळात नवलाईचा मानला गेला. पुढे २००४ साली युनेस्कोनं या वास्तूला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा वर्णनात त्याचा आवर्जून उल्लेख झाला.

समोरच्या महापालिकेच्या कामात वैद्यांची पायरी वर गेली. तिथे ते निवासी अभियंता होते, म्हणजे कामावर चोवीस तास जबाबदार. पायाभरणी डिसेंबर १८८४ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या हस्ते झाली, पण प्रत्यक्ष बांधकामाला १८८९ उजाडलं. जागाही अवघड होती. दोन रस्ते जिथे मिळतात तिथला पाचरीसारखा निमुळता कोपरा, आणि त्यावर २५५ फूट उंच मनोरा! ठेकेदार होते व्यंकू बाळाजी कालेवार.

निवासी अभियंत्याचं काम फार देखणं नसतं. खाणीतून आलेल्या दगडाला चीर नाही ना ते बघायचं, चुना नीट मळलाय का ते तपासायचं, झालेल्या कामाची मापं टिपून ठेवायची, त्या मापांवरून ठेकेदाराचं बिल मंजूर करायचं आणि वाद झाला की दोन्हीकडची बोलणी खायची. सार्वजनिक कामांत पैसा मुरतो तो याच टप्प्यावर. महापालिकेच्या इमारतीचा हिशेब म्हणूनच लक्षात राहण्यासारखा आहे. मंजूर अंदाज साधारण ११ लाख ८८ हजार रुपयांचा होता. १८९३ मध्ये काम संपलं तेव्हा खर्च झाले होते ११ लाख २० हजारांच्या आत. जवळजवळ ६८ हजार शिल्लक!

वैद्यांनी पुढे डी. एन. मिर्झा यांच्यासोबत जे काम घेतलं, ते मात्र दुसऱ्याच्या नकाशाबरहुकूम करायचं नव्हतं. जमशेटजी टाटांना अपोलो बंदरावर हॉटेल उभारायचं होतं आणि त्याचा आराखडा या दोघांनी केला. दुसऱ्याच्या घुमटाखाली उमेदवारी केलेल्या माणसाला आता स्वतःचा घुमट मिळाला. पण तो पुरा झालेला पाहणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. १९०० साली वैद्य वारले. स्टीव्हन्सही त्याच वर्षी गेले. हॉटेलचं उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याकडे गेलं, बांधकाम सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांनी तडीस नेलं आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी ‘ताज’ उघडलं.

मुंबईत अजूनही एक कहाणी रंगवून सांगतात. म्हणे ताजचा वास्तुकार परदेशी होता, त्यानं नकाशे पाठवले, परत येऊन पाहतो तर इमारत उलटी बांधलेली, दर्शनी बाजू गावाकडे आणि पाठ समुद्राकडे. धक्का सहन न होऊन त्यानं जीव दिला. या कहाणीला पुरावा नाही. मूळचं प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं हे खरं, पण त्यात चूक कसली? पाहुण्यांच्या घोडागाड्या शहरातूनच यायच्या. समोरचं गेटवे ऑफ इंडिया तर १९२४ मध्ये पुरं झालं. १९०३ साली तिकडे तोंड करून उभं राहण्यासारखं काही नव्हतं. शिवाय आराखडा करणारे दोघंही इथलेच. म्हणजे ज्यांनी हॉटेल आखलं त्यांची नावं मागे पडली आणि जो कधी नव्हताच, त्याच्या आत्महत्येचा गाजावाजा शंभर वर्षं चालू आहे.

वैद्यांच्याच काळात एका देशी अभियंत्याच्या वाट्याला मात्र नाव आलं, मान आला आणि फोर्टात रस्ताही आला. ते खानबहादूर मंचेरजी कावसजी मर्झबान. सरकारी बांधकाम खात्यातून महापालिकेत गेलेल्या या पारशी गृहस्थानं नेमकं काय वेगळं केलं, हे पुढच्या भागात.