नाकतोडा आला की उतरायचं!

समजा, तुम्ही मेट्रोत बसलात आणि स्टेशनांच्या पाट्या काही केल्या वाचता येईनात. मग उतरायचं कुठे? आपण शेजारच्या काकांना विचारू. मेक्सिको सिटीतलं एखादं पिटुकलं मूल मात्र ऐटीत सांगेल, "नाकतोडा आला की उतरायचं!"

थट्टा नाही हं. मेक्सिकोच्या या राजधानीत ४ सप्टेंबर १९६९ रोजी मेट्रो सुरू झाली, तेव्हा तिथल्या बऱ्याच लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक स्टेशनाला नावाबरोबर एक चित्रही दिलं. ती कल्पना ज्यांनी चित्रांत उतरवली, ते लान्स वायमन. मेक्सिकोत १९६८ साली झालेल्या ऑलिंपिकचं बोधचिन्हही त्यांच्याच हातचं. आपल्याकडे मतदानयंत्रावर उमेदवाराच्या नावापुढे चिन्ह असतं ना, तशीच ही युक्ती. आज तिथे १२ मार्ग आणि १९५ स्टेशनं आहेत. मार्गांना रंग आहेत: पहिला गुलाबी, दुसरा निळा. म्हणजे एकही अक्षर न वाचता अख्खं शहर पालथं घाला!

आता तो नाकतोडा. स्टेशनाचं नाव चापुल्तेपेक. तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत याचा अर्थ नाकतोड्यांची टेकडी. कोयोआकान स्टेशनावर कोयोटी दिसतो, म्हणजे आपल्या कोल्ह्या-लांडग्यांचा तिकडचा भाऊबंद. कांदेलारियाला बदक आहे. भर शहरात बदक कुठून आलं? अहो, हे शहरच मुळी तळ्यावर वसलंय! अझ्टेक लोकांनी तळ्यातल्या बेटावर आपली राजधानी बांधली होती. पुढे तळं आटवलं आणि शहर पसरलं. पांतित्लान स्टेशनाचं चित्र आहे दोन झेंडे. तळ्यात तिथे भोवरा होता आणि होड्यांना सावध करायला झेंडे रोवले होते, असं सांगतात. आता तिथे चार मार्ग एकत्र येतात. भोवरा अजून आहेच म्हणायचा, फक्त माणसांचा!

जुन्या शहराखाली बोगदा खणायचा म्हणजे फावड्याला काय लागेल याचा नेम नाही. १९६७ साली पिनो सुआरेझ स्टेशनासाठी खणताना एक गोल देऊळ सापडलं. एहेकात्ल या वाऱ्याच्या देवाचं. गोल का? वाऱ्याला कोपऱ्यांचा अडथळा नको म्हणून, असं मानतात. ते देऊळ तिथून हलवलं नाही. गाडी बदलायला धावणारी माणसं आजही त्याच्या बाजूने जातात. त्या स्टेशनाचं चित्रही अर्थात तेच देऊळ. चौथ्या मार्गाच्या खोदकामात तर चक्क मॅमथची हाडं निघाली. मॅमथ म्हणजे हिमयुगातला हत्तीचा थोराड नातेवाईक. तालिस्मान स्टेशनावर ती हाडं मांडून ठेवली आहेत आणि पाटीवर मॅमथ विराजमान झालाय. मला विचाराल तर मी या स्टेशनावर दोन-चार गाड्या मुद्दाम सोडून देईन.

आणखी एक गंमत. तिथल्या बहुतेक मार्गांवरच्या गाड्यांना रबरी टायर असतात, आपल्या एसटीसारखे! पॅरिसकडून घेतलेली ही पद्धत. लोखंडावर लोखंड सरकतं, पण रबर पक्कं धरून ठेवतं. म्हणून गाडी चटकन वेग घेते, चटकन थांबते आणि खडखडाटही कमी करते. पण टायर फुटला तर? तर आतल्या बाजूला लोखंडी चाकं असतातच, गाडी त्यांवर टेकते.

आता तुमची पाळी. कागद आणि रंग घ्या आणि तुमच्या जवळच्या स्टेशनासाठी चित्र काढा. नाव लिहायचं नाही हं! चिंचपोकळीला चिंच काढणं अगदीच सोपं. भायखळ्याला राणीच्या बागेतला पेंग्विन चालेल. पण पुण्यातल्या जिल्हा न्यायालय मेट्रो स्टेशनाला काय काढाल? काढलेलं चित्र घरातल्या सगळ्यात छोट्या भावंडाला दाखवा. त्याने स्टेशन ओळखलं, तरच चित्र पास!