मुरमांवर घाईचा इलाज नको

तारुण्यपीटिका, अर्थात मुरूम, हा जिवावर बेतणारा विकार नाही. त्यामुळेच कदाचित घरातील वडीलधारी मंडळी त्याकडे हसण्यावारी पाहतात. ज्या मुलाच्या वा मुलीच्या चेहऱ्यावर ते उमटतात, त्यांना मात्र आरशासमोर उभे राहणेही नकोसे होते. मग मैत्रिणीच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणली जाते. खरा धोका पुष्कळदा येथूनच सुरू होतो.

त्वचेवरील केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. वयात येताना मुलगे व मुली या दोघांच्याही शरीरात अँड्रोजेन गटातील संप्रेरके वाढतात आणि या ग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. त्याच सुमारास रंध्राच्या आतील मृत पेशी नीट झडून न जाता तेलाबरोबर साचतात व रंध्राचे तोंड बुजते. त्वचेवर एरवीही राहणारे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू तेथे वाढतात, दाह होतो आणि लाल, ठसठसणारी पुळी वर येते. नाकावर दिसणारे काळे ठिपके म्हणजे मळ, असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. उघड्या रंध्रातील द्रव्य त्यातील रंगद्रव्यामुळे आणि हवेच्या संपर्कामुळे काळे पडते. साबणाने कितीही घासले तरी ते जात नाही, उलट त्वचा सोलवटते.

म्हणून चेहरा दिवसातून दोनदा, आणि घाम आल्यावर, सौम्य फेसवॉश व कोमट पाण्याने धुणे पुरेसे आहे. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे घरगुती उपाय टाळावेत. यांपैकी प्रत्येकाने त्वचेची आग होऊ शकते. तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागते, विशेषतः भोपाळ किंवा दिल्लीच्या कोरड्या थंडीत. केसांना चोपडलेले तेल कपाळावर उतरते आणि केसांच्या कडेने बारीक पुळ्या येतात. अशा वेळी तेल रात्रभर ठेवण्याचा आग्रह सोडलेला बरा. पुळी फोडू नये, हे तर आजीही सांगत असे. आपल्याकडील सावळ्या वर्णाच्या त्वचेवर मुरूम गेल्यावरही काळा डाग महिनोन् महिने राहतो आणि ऊन त्याला अधिक गडद करते. सनस्क्रीनचे महत्त्व त्यासाठी आहे.

सौम्य मुरमांवर बेंझॉईल पेरॉक्साईड किंवा ॲडापॅलीन ही लावण्याची औषधे परिणामकारक ठरली आहेत. मात्र गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. सुरुवातीला त्वचा थोडी कोरडी पडते, क्वचित मुरूम वाढल्यासारखेही वाटतात आणि अनेक जण नेमके तेव्हाच औषध सोडून देतात. (बेंझॉईल पेरॉक्साईडने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हेही आधीच सांगितलेले बरे.)

या अधीरतेचा फायदा स्टेरॉईडयुक्त क्रीमना मिळतो. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव ट्यूबवर बारीक अक्षरांत असते. ती लावताच दोन-चार दिवसांत लाली ओसरते, चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि ‘गुण आला’ म्हणून तीच ट्यूब पुन्हा पुन्हा आणली जाते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि मुरूम पूर्वीपेक्षा अधिक संख्येने येतात. क्रीम बंद केली की आग होते, म्हणून ती सोडवत नाही. केंद्र सरकारने मार्च 2018 मध्ये अशा अनेक क्रीमचा समावेश औषधांच्या ‘शेड्यूल एच’मध्ये केला, म्हणजेच डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री करता येत नाही. तरीही ट्यूबवरील घटकांची नावे वाचण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी. अशी क्रीम बराच काळ लावली गेली असल्यास ती सोडण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांचे मार्गदर्शन घ्यावे.

आहाराचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. अमेरिकेत 1969 मध्ये 65 जणांवर झालेल्या अभ्यासात चॉकलेट निर्दोष ठरले. पण तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर व स्निग्धांश भरपूर होते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. ऑस्ट्रेलियातील 2007 च्या अभ्यासात रक्तातील साखर हळूहळू वाढवणारा आहार 12 आठवडे घेणाऱ्या तरुणांचे मुरूम अधिक कमी झाले. त्यांचे वजनही घटले होते, त्यामुळे श्रेय नेमके कशाचे, हे सांगणे कठीण. दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, मुरमांशी संबंध काही पाहण्यांत आढळला आहे. तरीही अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये आहाराबाबत ठोस शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले. तात्पर्य, गोड चहा-बिस्किटे, शीतपेये व मैद्याचे पदार्थ कमी करून उसळी, डाळी, भाज्या वाढवण्यात नुकसान काहीच नाही; पण वाढत्या वयाच्या मुलीचे दूध केवळ मुरमांपायी तोडणे योग्य नव्हे. व्यायामशाळेत व्हे प्रोटीनची भुकटी घेणाऱ्या तरुणांना अचानक पाठीवर व चेहऱ्यावर मुरूम आले, तर ती काही काळ थांबवून पाहावी.

खोल, दुखणाऱ्या गाठी होत असतील किंवा खड्डे पडत असतील, तर वाट न पाहता तज्ज्ञांकडे जावे. मुलींमध्ये मुरमांसोबत पाळी अनियमित असेल व हनुवटीवर राठ केस येत असतील, तर अंडाशयाच्या विकाराची तपासणी आवश्यक असते. तीव्र मुरमांवर दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या गुणकारी आहेत, परंतु गर्भातील बाळात त्यांमुळे गंभीर व्यंगे निर्माण होतात. त्यामुळे त्या कोणाच्या उरलेल्या पाकिटातून कधीही घेऊ नयेत.