हा संगणक कोणत्या देशासाठी?

१९८० च्या दशकातील बहुतेक घरगुती संगणकांना स्वतःचा पडदा नसे. ते घरच्या टीव्हीला जोडावे लागत. म्हणून ज्या देशात विकायचे, तिथल्या विजेला आणि टीव्हीला जुळतील असेच ते बनवीत. नाशिकच्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर असा संगणक तुम्हांला सापडला, तर तो कोणत्या देशासाठी बनवला होता, हे कसे ओळखाल?

सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम हे उदाहरण घेऊ. तो १९८२ साली ब्रिटनमध्ये बाजारात आला. अमेरिकेत टायमेक्स कंपनीने १९८३ साली त्याचे '२०६८' हे रूप काढले. भारतात १९८८ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' आणला. तिन्ही भावंडेच, पण प्रत्येकाची खूण निराळी.

आधी अ‍ॅडॉप्टर पाहा

वीज जोडण्यापूर्वी अ‍ॅडॉप्टरवरील अक्षरे वाचा. अमेरिकेत घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट, तर आपल्याकडे २३० व्होल्ट असतो. फक्त १२० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आपल्या प्लगात खोचलात, तर तो जळेल. दुसरा धोका पिनेचा. ब्रिटिश स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि पिनेचा मधला भाग ऋण असतो. बाजारातील पुष्कळ अ‍ॅडॉप्टरांत तो धन असतो. उलटी जोडणी झाली, तर संगणक कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून हे काम शिक्षकांच्या किंवा जाणकाराच्या देखरेखीखालीच करा.

मग ठोके मोजा

ब्रिटन व भारतातील टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा, तर अमेरिकेत सुमारे ६० वेळा पडदा वरपासून खालपर्यंत रेखला जाई. संगणकही तितकेच ठोके देई. हे ठोके भिंतीतल्या विजेवरून येत नाहीत. आतल्या स्फटिकाच्या कंपनांवरून येतात. त्यामुळे अमेरिकी संगणक नाशिकला आणला, तरी त्याचा ठोका ६०च राहतो!

हे घड्याळाने पडताळता येते. संगणक सुरू करून 'एम' कळ दाबा. पडद्यावर 'पॉज' हा शब्द उमटेल. पुढे ३००० लिहून 'एंटर' दाबा आणि दुसऱ्या कोणत्याही कळीला हात लावू नका. संगणक ३००० ठोके थांबेल. ३००० ला ५० ने भागले तर ६० सेकंद. ६० ने भागले तर ५० सेकंद. काटा कुठे थांबला, ते पाहा.

चित्र कुठे मिळते?

ब्रिटिश स्पेक्ट्रम आपले चित्र यूएचएफ पट्ट्यातील ३६ व्या चॅनेलवर, म्हणजे सुमारे ५९१ मेगाहर्ट्झवर पाठवी. त्या काळी दूरदर्शनचे कार्यक्रम मात्र मुख्यतः २३० मेगाहर्ट्झच्या आत येत. आपल्याकडील अनेक संच तेवढ्याच पट्ट्याचे होते. अशा संचावर चांगला चालता ब्रिटिश संगणकही 'बिघडलेला' वाटे. यंत्र बिघडले असे म्हणण्यापूर्वी दोघांचा मेळ बसतो का, हे तपासलेले बरे.

मित्रहो, नुसत्या नावावर विसंबू नका. दुरुस्तीत वरचे कवच बदललेले असू शकते. ठोक्यांवरूनही एवढेच कळते, की यंत्र ५० च्या देशासाठी आहे की ६० च्या. ब्रिटन आणि भारत यांतला फरक कळत नाही. नाव, अ‍ॅडॉप्टर, ठोका आणि चॅनेल यांची साक्ष एकत्र जुळली, तरच निष्कर्ष काढा.

१९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात काही शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. तुमच्या शाळेच्या अडगळीत एखादा आहे का? शोधा, आणि भंगारात जाण्यापूर्वी त्याची नोंद करा.