रिकामी घरे आणि घरावाचून माणसे

मुंबईच्या उपनगरांत आज परस्परांशी मुळीच मेळ न बसणाऱ्या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदत आहेत. आपल्या जन्मगावी घर परवडत नाही म्हणून नोकरदार तरुण जोडपी विरार, टिटवाळा आणि बदलापूर येथे बिऱ्हाडे थाटीत आहेत. आणि त्याच वेळी मुलुंड, कांजूरमार्ग, गोरेगाव, कांदिवली येथे व ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर उभारलेल्या मनोऱ्यांतून कोटी-दोन कोटींच्या सदनिका ग्राहकाची वाट पाहत आहेत. बांधकाम-व्यवसायाचा मागोवा घेणारे गेल्या काही वर्षांचे अहवाल एकच गोष्ट सांगतात. महाग घरांची विक्री वाढली हे खरे, परंतु त्यांचे बांधकाम त्याहून वेगाने वाढले. त्यामुळे न विकलेल्या घरांच्या साठ्यात महाग घरांचा वाटा चढत गेला, आणि पन्नास लाखांच्या आतील नवे घर बाजारातून दिसेनासे होत चालले.

माल पडून राहिला की भाव उतरतो, हा बाजाराचा साधा नियम आहे. लासलगावी कांद्याची आवक वाढली की वाशीच्या बाजारात भाव पडावयास वेळ लागत नाही. घराच्या बाबतीत हा नियम चालत नाही. बिल्डर मुद्रांक शुल्क स्वतः भरण्याची तयारी दाखवील, स्वयंपाकघर सजवून देईल, हप्ते पुढे ढकलील. परंतु जाहीर केलेला भाव सहसा उतरवणार नाही. हे केवळ त्याच्या लोभामुळे घडते असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे आहे. लोभ आहेच, परंतु भाव वर टांगून ठेवणारे हात एकट्या बिल्डरचे नाहीत.

पहिले कारण जमिनीचे. उपनगरांत मोकळी जमीन आता फारशी उरलेली नाही. नवे बांधकाम मुख्यतः जुन्या सोसायट्या, म्हाडाच्या वसाहती, झोपडपट्ट्या आणि बंद पडलेले कारखाने यांच्या जागेवर होते. पुनर्विकासात मूळ रहिवाशांना नवे घर विनामूल्य द्यावे लागते, बांधकाम चालू असेतो त्यांचे भाडे भरावे लागते, आणि हा सारा खर्च विक्रीसाठी उरणाऱ्या सदनिकांच्या किमतीतून वसूल करावा लागतो. तीस बिऱ्हाडांची इमारत पाडली म्हणजे एक फूटही विकण्यापूर्वी तीस घरांचा भार विक्रीच्या घरांवर पडतो. साहजिकच ती घरे महाग ठेवली जातात, आणि महाग घर घेणाऱ्याला रुचावे म्हणून मोठीही बांधली जातात. स्वातंत्र्यानंतर स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने विक्रोळीचे कन्नमवार नगर किंवा घाटकोपरचे पंतनगर वसविले ते कामगार आणि अल्प उत्पन्नाचे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून. त्याच जागेवर आज उभा राहणारा मनोरा त्या कुटुंबाच्या मुलाला परवडत नाही.

दुसरे कारण सरकारचे. वाढीव चटई क्षेत्रासाठी महापालिका अधिमूल्य घेते, विक्रीवर राज्य सरकार मुद्रांक शुल्क घेते, बांधकाम चालू असताना विकलेल्या घरावर वस्तू व सेवा कर पडतो. या वसुलीचा हिशेब जमिनीच्या वा घराच्या किमतीवर होत असल्याने किंमत जितकी चढेल तितकी तिजोरी भरते. शिवाय सरकारी दरापेक्षा, म्हणजे रेडी रेकनरपेक्षा, दहा टक्क्यांहून खाली सौदा केला तर सोडलेल्या रकमेवर विक्रेत्याला आणि ग्राहकाला दोघांनाही आयकर भरावा लागतो. भाव उतरविणाऱ्याला दंड आणि चढविणाऱ्याला मोकळीक, अशी ही व्यवस्था झाली आहे. तिसरा हात कर्ज देणाऱ्यांचा. न विकलेल्या सदनिका याच कर्जाचे तारण असतात. भाव उतरला की तारण उतरते, आणि आधी घर घेतलेला ग्राहकही दाद मागू लागतो. म्हणून सारे मिळून थांबतात, आणि घर रिकामे राहते.

ग्राहकाचा हिशेब काय होतो तेही पाहावे. एक कोटीच्या घरासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पंचाहत्तर लाखांच्या वर कर्ज मिळत नाही. म्हणजे पंचवीस लाख पदरचे हवेत. मुंबईत मुद्रांक शुल्क व मेट्रो अधिभार मिळून सहा टक्के, म्हणजे सहा लाख. बांधकाम पुरे झालेले नसेल तर पाच टक्के कर, म्हणजे आणखी पाच लाख. छत्तीस लाख रोख मोजल्यावर उरलेल्या कर्जाचा साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा मासिक हप्ता सुमारे पासष्ट हजार रुपये पडतो. शिक्षक, परिचारिका, बँकेतील कारकून यांना हे जमणार कसे? “घर पाहावे बांधून” असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर बांधलेले घर नुसते पाहण्याचीच वेळ आली आहे.

आणि जे दूर जातात ते काय किंमत मोजतात? रोजचे तीन-चार तास, प्रकृती, मुलांचा सहवास, आणि कधी कधी प्राणसुद्धा. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलच्या दारातून पडून प्रवासी मृत्यू पावले. तो अपघात रेल्वेचा म्हणून नोंदला गेला. परंतु माणसांना कामापासून पन्नास-साठ किलोमीटर दूर लोटणारी घरबांधणीही त्या गर्दीला जबाबदार नाही काय?

आज महाग बांधलेली घरे उद्या जुनी होतील आणि सामान्यांपर्यंत झिरपतील, असे कोणी म्हणेल. अनुभव तसा नाही. २०११ च्या जनगणनेचा आधार घेऊन केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने मुंबईतील रिकाम्या घरांची संख्या सुमारे ४ लाख ८० हजार सांगितली होती. देशातील कोणत्याही शहरापेक्षा ती अधिक होती. ही सारी घरे काही बिल्डरांकडे पडून नव्हती. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेली, भाडेकरू हटणार नाही या भीतीने बंद ठेवलेली अशीही त्यांत होती. त्याच जनगणनेत शहरातील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत असल्याचे आढळले. घरांची नुसती संख्या वाढल्याने घराचा प्रश्न सुटत नाही, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आजवरचे उपाय मात्र बहुधा विक्रेत्याच्या सोयीचे झाले. २०२० च्या सप्टेंबरात मुद्रांक शुल्क दोन टक्क्यांवर आणले, २०२१ मध्ये अधिमूल्य निम्मे केले. त्यामागे महामारीने ठप्प झालेला व्यवसाय सावरण्याचा हेतू होता, आणि घरे विकली गेलीही. परंतु सवलत संपल्यावर भाव खाली राहिले नाहीत. न विकलेल्या घरावरील काल्पनिक भाड्याच्या आयकरातून बिल्डरला एक वर्षाची सूट होती, ती २०१९ च्या अर्थसंकल्पात दोन वर्षांची झाली. माल अडवून धरणाऱ्याला यापेक्षा अधिक अभय ते कोणते द्यावयाचे?

आमच्या मते दिशा बदलावयास हवी. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावर ठरावीक मुदतीत न विकलेल्या वा भाड्याने न दिलेल्या महाग घरावर चढत्या दराने आकार बसवावा. कॅनडातील व्हँकुव्हर शहर २०१७ पासून रिकाम्या घरांवर कर घेत आहे. लहान सदनिकांवर अधिमूल्य कमी आणि अवाढव्य सदनिकांवर अधिक असावे. रेडी रेकनरचे दर प्रत्यक्ष सौद्यांशी जुळावेत आणि भाव उतरविणाऱ्याला कराची शिक्षा होऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे म्हाडाने पुन्हा भाड्याची घरे बांधावीत. तिच्या मुंबईतील सोडतीत दोन-चार हजार घरांसाठी लाखाहून अधिक लोक अर्ज करतात, हे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी दिसले. मागणी नाही असे कोण म्हणेल?

राज्य सरकारने २०२५ च्या मे महिन्यात नवे गृहनिर्माण धोरण मंजूर करून २०३० पर्यंत पस्तीस लाख घरांचा संकल्प सोडला आहे. संकल्प स्वागतार्ह आहे. परंतु ती घरे कोठे होणार, कोणत्या किमतीला मिळणार आणि त्यांच्या जवळ पाणी व रेल्वे असणार की नाही, याची उत्तरे जनतेला हवी आहेत. कोणत्या प्रकल्पात किती सदनिका विकावयाच्या राहिल्या, याची माहिती २०१७ पासून महारेराकडे बिल्डरांनी दर तीन महिन्यांनी द्यावयाची आहे. म्हणजे साठा कोठे पडून आहे हे सरकारला ठाऊक नाही, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. तो साठा आणखी दोन वर्षे सांभाळून ठेवावयाचा, की ज्यांच्या श्रमावर हे शहर चालते त्यांच्यासाठी दारे उघडावयाची, एवढाच निर्णय बाकी आहे. आणि तो सरकारनेच करावयाचा आहे.